पणजी : कॅसिनोच्या बोटीतून उतरल्यावर काय पाहावं, काय सोडावं

बियाणं-खतांच्या कंपन्यांचं टार्गेट पूर्ण झालं की विदर्भातल्या तालुक्यांच्या कृषी केंद्रवाल्यांना गोव्याची सहल लागते. चना निघून हाती चार पैसे आले की गावातली पोरंही टोळी करून निघतात. दोघांच्या हातातलं पॅकेज जवळपास सारखंच असतं : तीन रात्री, चार दिवस, एक रात्र कॅसिनो, एक दिवस ‘नॉर्थ गोवा’, एक दिवस ‘साऊथ गोवा’, उरलेला वेळ बीचवर. हे पॅकेज कागदावर भरगच्च दिसतं. प्रत्यक्षात त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट, म्हणजे खुद्द पणजी शहर, त्यात नसतंच. पणजीत आपण रात्री बोटीवर चढायला येतो आणि पहाटे झोपायला निघून जातो. म्हणून हे परीक्षण कॅसिनोचं कमी आणि कॅसिनोच्या गावाचं जास्त आहे. काय पाहण्यासारखं आहे, कोणत्या क्रमाने पाहावं, आणि कुठे पैसे-वेळ दोन्ही वाया जातात, ते इथे लिहिलं आहे.

आधी पोहोचायचं. नागपूर–मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी स्पेशल गाडी वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव करत भुसावळ-कल्याण-पनवेल मार्गे कोकणात उतरते. प्रवास चोवीस तासांच्या वरचा, पण गाडी बदलायची कटकट नाही. ही स्पेशल आहे, कायमची गाडी नाही. रेल्वे तिला ठरावीक मुदतीने वाढ देते. त्यामुळे हॉटेल आधी आणि तिकीट मग असं करू नका. दुसरी गोष्ट : तिकीट मडगावचं काढलं जातं, कारण बोर्डावर तेच नाव असतं. मडगावहून पणजी तीस-पस्तीस किलोमीटर. त्याच्या आधीचं करमळी स्टेशन पणजीपासून अकरा-बारा किलोमीटरवर, जुन्या गोव्याला (ओल्ड गोवा) लागून आहे. पणजीत मुक्काम असेल तर करमळीलाच उतरा. माणशी टॅक्सीचा खर्च तिथेच वाचतो. बागा-कळंगुटकडे मुक्काम असेल तर त्याच्याही आधीचं थिवी बरं पडतं. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर मोपा लिहिलंय की दाबोळी ते पाहावं. दोन्ही ‘गोवा’च आहेत, पण एक राज्याच्या उत्तर टोकाला आणि दुसरं वास्कोला. परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हटल्याने विमान चुकलेल्यांची उदाहरणं कमी नाहीत. रस्त्याने येणाऱ्यांना हजार किलोमीटरच्या आसपास गाडी हाकावी लागते. पवनारपासून पत्रादेवीपर्यंतचा शक्तिपीठ महामार्ग होईल तेव्हा होईल, आणि ज्यांचं वावर त्यात जातंय त्यांच्यासमोर कोणी सहलीचं गणित मांडू नये.

बोटीवरची रात्र

गोव्यात टेबलावरचा जुगार फक्त पाण्यावरच्या बोटींत चालतो. जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांत तो इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर. त्यामुळे ज्याला ‘खरा कॅसिनो’ म्हणतात तो पणजीसमोर मांडवीत नांगरलेला आहे. किनाऱ्यावरच्या जेटीत नोंदणी, मनगटाला पट्टी, मग छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर. वय २१ पूर्ण लागतं आणि मूळ ओळखपत्र लागतं. मोबाइलमधला आधारचा फोटो काही ठिकाणी चालत नाही. पुरुषांनी हाफ पँट, बंडी, स्लीपर घालून गेलं तर परत पाठवतात. गावाकडून फक्त चपला घेऊन आलेला माणूस रात्री नऊला पणजीत बूट शोधत फिरतो आणि मिळेल त्या भावाने घेतो. एक जोडी बूट पिशवीत टाकूनच निघा.

प्रवेशाच्या रकमेत जेवण, पेय आणि काही रकमेची कुपनं धरलेली असतात. ही कुपनं एकदाच खेळायची. ती खिडकीवर देऊन रोख मिळत नाही. जिंकलात तर मिळणाऱ्या चिप्स मात्र वटवता येतात. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो : ‘एवढे तर परत मिळतातच’ असं समजून तिकीट काढलं जातं. शुक्रवार ते रविवार दर चढा असतो. सोमवार ते गुरुवार तीच बोट, तेच जेवण, गर्दी निम्मी. शिवाय कॅसिनोवरचा २८ टक्के जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर धरला जाऊ लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तो प्रत्येक डावावर लागत नाही. चिप्स घेण्याआधी हातात नेमक्या किती पडणार, ते खिडकीवर स्पष्ट विचारून घ्या.

रूलेटच्या चाकावर १ ते ३६ आणि शून्य असे ३७ खाने असतात आणि बरोबर आकड्याला लावलेली रक्कम परत आणि वर ३५ पट मिळतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे घराचे, म्हणजे कॅसिनोचे. चाकावर दोन शून्यं दिसली तर तोच आकडा सव्वापाच रुपयांवर जातो. तिथून उठून दुसरं टेबल पाहावं. पोळ्याच्या पत्त्यांत तरलेल्या गड्याला इथलं तीन पत्तीचं टेबल ओळखीचं वाटतं, पण इथे समोर शेजारचा माणूस नसतो, घर असतं, आणि घराला झोप येत नाही. ठरलेली रक्कम वेगळ्या खिशात, कार्ड हॉटेलात, एवढं पाळलं तर रात्र बरी जाते. गाणी, नाच, जेवण यांसाठी म्हणून एक रात्र ठीक आहे. दुसऱ्या रात्री तेच असतं.

खरा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा. पहाटे तीन-चारला परतलेला माणूस सकाळी आठच्या बसला लागत नाही. पॅकेजवाले नेमकी कॅसिनोची रात्र दर्शनाच्या आदल्या दिवशी टाकतात, मग अर्धी बस झोपेत गोवा पाहते. बुकिंग करतानाच सांगा : कॅसिनोच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नको. तो दिवस पणजीचा. शेवटच्या रात्रीही कॅसिनो नको, सकाळची गाडी चुकते.

पणजी, पायी

चार वाजता सुरुवात करा. एक ते तीन-चार इथली बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे आधी निघण्यात अर्थ नाही. रविवारी तर बाजार जवळपास झोपलेलाच.

सुरुवात चर्चपासून. मधल्या चौकातून वर चढत गेलेला नागमोडी पांढरा जिना आणि त्यावरचं पांढरं चर्च हे पणजीचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पहिलं चॅपल १५४१ चं, सध्याच्या रूपातलं चर्च १६१९ चं. वरच्या घंटेकडे नीट बघा : गोव्यातली ही दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यातून इथे आली. तो मनोरा दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यात दिसेल तेव्हा हे आठवलं की भग्न दगडाला एकदम अर्थ येतो. आत प्रार्थना चालू असेल तर दारातूनच पाहून परत फिरावं. जिन्यावर पाय पसरून बसून फोटो काढण्याला मनाई नसली तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडते.

चर्चच्या मागून पूर्वेला उतरलं की दहा मिनिटांत फोंतेन्हास. पिवळ्या, निळ्या, लाल मातीच्या रंगाची पोर्तुगीज काळातली घरं, लाल कौलं, अरुंद बाल्कन्या, काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याचे पातळ तुकडे. पणजीतलं सर्वांत सुंदर पाऊण तासाचं चालणं हेच. गाडी आत नेऊ नका. रस्ता एका गाडीपुरताच आहे आणि समोरून दुसरी आली की मागे घ्यायला जागा नाही. सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल १८१८ चं आहे. त्यातला क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. बहुतेक ठिकाणी ते मिटलेले असतात. ३१ जानेवारी रस्त्यावरच्या जुन्या बेकरीत बेबिंक किंवा दोदोल हे गोव्याचे गोड पदार्थ मिळाले तर घ्या. संध्याकाळ उलटल्यावर बहुधा संपलेलं असतं.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ही घरं देखावा म्हणून उभी केलेली नाहीत, त्यांत माणसं राहतात. पायरीवर बसून, दाराला टेकून, खिडकीत डोकावून फोटो काढणाऱ्यांना तिथले लोक वैतागले आहेत आणि ठिकठिकाणी तशा पाट्याही आहेत. आपल्या ओसरीवर अनोळखी वीसजण येऊन मोबाइल धरून उभे राहिले तर आपण काय बोलू, तेच ते बोलतात. रस्त्याच्या मध्यावर उभं राहून, आवाज न करता फोटो काढा, कोणी काही म्हणत नाही.

तिथून नदीकडे वळून आदिलशाही राजवाडा, म्हणजे जुनं सचिवालय, बाहेरून पाहावं. गोव्याची राजधानी १८४३ मध्ये अधिकृतपणे पणजीत आली त्याच्याही आधीपासूनची ही इमारत. शेजारी आबे फारियांचा पुतळा : संमोहनाचा अभ्यास करणारा कांदोळीचा माणूस आणि समोर मागे झुकलेली बाई. ज्यांना माहीत नाही ते त्याला भूत उतरवणारा मांत्रिक समजून पुढे जातात.

इथून कांपालच्या बाजूने मिरामारपर्यंत तीनेक किलोमीटरचा नदीकाठ आहे. वाटेत कला अकादमी लागते. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ती बांधली. नाटकवेड्या झाडीपट्टीच्या माणसाने बाहेरची फलकपाटी जरूर वाचावी, मराठी नाटकाचा प्रयोग लागलेला असू शकतो. मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. मुक्त गोव्याचे ते पहिले मुख्यमंत्री. मिरामारची वाळू बसायला चांगली, पाणी पोहायला नाही : मांडवी इथे समुद्राला मिळते, तळ आणि ओढ दोन्ही बेभरवशाचे. दोना पावलाला मात्र खास टॅक्सी करून जाऊ नये. एक जेटी, टोप्या विकणारे आणि गर्दी, बस्स.

नदीवरून पणजी पाहायची असेल तर दोन मार्ग. पहिला, मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका जेटीवरून सुटणारी पर्यटन महामंडळाची तासाभराची बोट. सूर्यास्ताच्या वेळची फेरी घ्या, रात्रीची नको. दोन्हींत गाणी-नाच तेच, पण पहिलीत काठ दिसतो. बायकामुलांसह आलेल्यांना कॅसिनोच्या झगमगाटाचं दर्शन इथूनच होतं आणि ते पुरतंही. जागा नंबरवारी नसते, म्हणून अर्धा तास आधी रांगेत राहून वरच्या डेकवर कडेची बाकं धरा. मधे बसलात तर तासभर स्पीकर आणि पाठी. दुसरा मार्ग, पणजी–बेती फेरीबोट. पायी प्रवाशाला तिकीट नाही. काही मिनिटांत पलीकडे, तीच बोट धरून परत. कॅसिनोच्या बोटी शेजारून दिसतात. खर्च शून्य आणि आमच्या मते महामंडळाच्या बोटीपेक्षा सरस.

एकाच रस्त्यावरचा उत्तम दिवस

‘साऊथ गोवा दर्शन’ नावाची बस जुनं गोवं, मंगेशी, दोना पावला, मिरामार आणि शेवटी बोट असं एका दिवसात उरकते. प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं, पण काजूच्या दुकानात पाऊण तास. तीच ठिकाणं साध्या बसने निम्म्या खर्चात आणि दुप्पट वेळात होतात, कारण जुनं गोवं, मंगेशी, म्हार्दोळ आणि फोंडा हे सगळं पणजी–फोंडा या एकाच मार्गावर आहे. कदंब बसस्थानकावरून फोंड्याची बस धरा. उतरा, पाहा, पुढची बस धरा.

जुनं गोवं पणजीपासून नऊ-दहा किलोमीटर. १९८६ पासून ही चर्चेस जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बॉम जेझस बासिलिका १५९४ ते १६०५ या काळात बांधली गेली. बाहेरून उघडा जांभा दिसतो म्हणून ती सगळ्यात जुनी वाटते, पण तिचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला गेला आणि तेव्हापासून पावसाचं पाणी दगडात मुरतंय. दुरुस्तीचा वाद आजही त्यावरूनच आहे. आत उजवीकडे संत फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत, उंच संगमरवरी चौथऱ्यावर. पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३०च्या दशकात घडवली. चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकने पाठवला आणि तो १६९८ मध्ये उभा राहिला. शव जवळून पाहायला मिळेल अशी आशा ठेवून जाऊ नका. ते दहा वर्षांतून एकदाच खाली आणतात. शेवटचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. रविवारी सकाळी प्रार्थना असते, साडेदहाच्या आत पर्यटकांना सोडत नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. वेदीसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढायला मनाई आहे.

समोरचं से कॅथेड्रल १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये पूर्ण झालं. त्याला एकच मनोरा आहे, तो अपुरा राहिला म्हणून नव्हे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्यात गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा. लगतच्या असीसीच्या चर्चला जोडून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, शुक्रवारी बंद. बसवाले इथेच थांबतात आणि परत फिरतात. तुम्ही दहा मिनिटं टेकडी चढून सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांपर्यंत जा. छत १८४२ मध्ये कोसळलं, मनोऱ्याचा ४६ मीटर उंचीचा तुकडा तेवढा उभा आहे. जॉर्जियाच्या राणी केटेवानच्या अस्थी इथल्या उत्खननात सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला सोपवल्या. जुन्या गोव्यात एकच जागा निवडायची असेल तर ही निवडा. पावसाळ्यात मात्र जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. रबरी तळाची चप्पल घसरते.

पुढे मंगेशी. मंदिर महामार्गापासून थोडं आत आहे, चालत जाता येतं. विदर्भातल्या काळ्या दगडी देवळांची सवय असलेल्या डोळ्यांना इथला घुमट, रंगवलेल्या भिंती, झुंबरं आणि सात मजली दीपमाळ पाहून हे देऊळच का, असा प्रश्न पडतो. कारण इतिहासात आहे : पोर्तुगीजांनी सासष्टी-तिसवाडीतली देवळं पाडायला सुरुवात केल्यावर सोळाव्या शतकात भक्तांनी मूर्ती रातोरात नदीपार हलवल्या. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. मंगेश कुशस्थळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. आज दिसणाऱ्या इमारती नंतरच्या काळातल्या, म्हणून त्यांत युरोपाचीही छाप आहे. दीनानाथ मंगेशकरांचं घराणं याच गावचं.

म्हार्दोळची म्हाळसा दीड-दोन किलोमीटर पुढे, बसवाले ती टाळतात. खंडोबाच्या म्हाळसेला नवस बोलायच्या मनाने जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, इथली म्हाळसा नारायणी आहे, विष्णूचं मोहिनी रूप. तिच्या अंगणातला पितळी दीपस्तंभ आणि लाकडी कोरीवकाम मंगेशीपेक्षा शांतपणे पाहता येतं. कवळ्याची शांतादुर्गा फोंड्याहून तीनेक किलोमीटर, रिक्षाने. दुपारी दर्शन बंद असण्याची शक्यता धरा. सकाळी आधी फोंडा गाठून उलट्या दिशेने परत येणं अधिक सोयीचं. हाफ पँट चालत नाही.

शिवकालाची आवड असलेल्यांसाठी याच दिवसाला एक फाटा आहे. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेट, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये बांधलं गेलं. राज्य सरकारने केलेलं नूतनीकरण २०२३ मध्ये पूर्ण झालं. कुठल्याच पॅकेजमध्ये हे नाही. आम्ही याला मंगेशीच्या वर ठेवू. स्वतःची गाडी मात्र हवी; पायी केलं तर दोन फेऱ्यांच्या मधे बेटावर वाहन मिळण्याची खात्री नाही.

तांबडी सुर्ला हे दुसरं टोक. बाराव्या-तेराव्या शतकातलं, कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या बेसाल्टचं. गोव्याच्या जांभ्यात असं कोरीवकाम होत नाही, म्हणून दगड घाटावरून आणला गेला. मार्कंडा किंवा लोणार पाहिलेल्याला ते आकाराने लहानच वाटेल. त्यासाठी पणजीहून येऊन-जाऊन सव्वाशे किलोमीटर करू नका. दूधसागरला चालला असाल तर वाटेत घ्या.

दूधसागरचं थोडक्यात. धबधबा ३१० मीटर. कुळ्याहून अभयारण्यातून जीप जाते, एका जीपमध्ये सातजण, लाइफ जॅकेट सक्तीचं. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो, साधारण ऑक्टोबरमध्ये उघडतो. सोयाबीन सोंगून, वेचणी लागायच्या आधी निघणाऱ्यांना तो ऐन भरात मिळतो. चना काढून मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्यांना दगडावरची पांढरी रेघ. रुळावरून चालत जाण्यावर रेल्वे कारवाई करते. पूर्ण दिवस जातो, तीन रात्रींच्या सहलीत तो काढू नये.

पलीकडचा काठ

‘नॉर्थ गोवा’च्या बसमधलं एकच ठिकाण खरोखर पाहण्यासारखं आहे : आग्वाद. १६१२ चा किल्ला, १८६४ चं दीपगृह. वरच्या किल्ल्यात पाण्याचं टाकं आहे, २३ लाख ७६ हजार गॅलनचं. म्हणजे तीस बाय तीस बाय तीन मीटरची आपली पाचेक शेततळी एका छताखाली. समुद्रावरच्या जहाजांना गोडं पाणी इथून मिळायचं. त्याचे खांब वरूनच पाहून लोक निघून जातात. खाली समुद्राला लागून असलेला जुना तुरुंग मात्र चुकवतात. गोवा मुक्तीसाठी लढलेले कैदी तिथे होते, आता संग्रहालय आहे. बसवाला वरच सोडतो, खालचं वेगळं सांगावं लागतं.

बेती-वेऱ्याजवळचा रेइश मागूश किल्ला लहान, नीट दुरुस्त केलेला आणि मारियो मिरांडांच्या व्यंगचित्रांचं दालन असलेला. वरून कॅसिनोच्या बोटींसह अख्खी पणजी दिसते. सोमवारी बंद. बेतीच्या फेरीने पार होऊन रिक्षा केली तर अर्ध्या सकाळीत होतो.

कळंगुट-बागा ज्यांना पाहायचंच आहे त्यांनी सकाळी सातला जावं आणि दहाला निघावं. पॅरासेलिंगसह पाच खेळांची एकत्र पावती बसमध्येच फाडतात. किती मिनिटं हवेत, पाण्यात बुडवायचे वेगळे पैसे आहेत का, हे लिहून घेतल्याशिवाय देऊ नका. लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको. पैनगंगेत पोहणाऱ्याला लाटेची परतीची ओढ ठाऊक नसते, आणि दारू पिऊन उतरणाऱ्यांतलेच बहुतेक ओढले जातात. चोडण बेटावरचं पक्षी अभयारण्य छान आहे, पण नवेगाव-ताडोबा ज्याच्या दाराशी त्याने त्यासाठी पणजीतली सकाळ खर्चू नये.

फिरणं, खाणं, परतणं

गोव्यात ओला-उबर नाही. सरकारमान्य ॲप आणि स्थानिक टॅक्सी आहेत, भाडं चढण्याआधी ठरवा. एकट्यासाठी मोटरसायकलवरचा ‘पायलट’ स्वस्त. भाड्याची दुचाकी घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना ते बघा. पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे कोणाची तरी खासगी. पोलिसांनी धरलं तर दंड तुमचा. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा बेधडक त्याच्यावर चढवतो. जुन्या पुलाची मार्गिका धरायची.

जेवणात सावजीची झणझणीत अपेक्षा ठेवू नका. इथल्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, खोबरं आणि कोकम पुढे, मिरची मागे. जून-जुलैत ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते. पेरणी आटोपून तेव्हा येणाऱ्यांना ‘ताजा सुरमई’ म्हणून बर्फातलाच मिळतो. नदीतला मासा विचारा. शाकाहाऱ्यांची पणजीत सोय चांगली आहे, सकाळची पातळ भाजी-पाव आणि बन हे कुठल्याही हॉटेलच्या बुफेपेक्षा बरं. काजू पणजी बाजारात घ्या. डब्यावरचा आकडा म्हणजे पाउंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती गर येतात : डब्ल्यू १८० सर्वांत मोठा, २४० मध्यम, ३२० लहान. बसने थांबवलेल्या दुकानात ३२० चा गर २४० च्या भावाने जातो, कारण सोबत मोजायला कोणी थांबत नाही.

ट्रॅव्हल्स करून येणाऱ्या गटांनी गॅस-शेगडी सोबत आणली तरी रस्त्याकडेला किंवा बीचवर पेटवू नये. उघड्यावर स्वयंपाक आणि उघड्यावर दारू, दोन्हींना दंड आहे : २०१९ मध्ये तो एकट्याला २ हजार आणि गटाला १० हजारांपर्यंत ठरला होता, २०२५ मध्ये कायदा आणखी कडक झाला.

आणि बाटल्या. गोव्यात स्वस्त म्हणून बॅग भरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं हाच गुन्हा. सिंधुदुर्गाच्या नाक्यांवर आणि गाड्यांत तपासणी होते. त्यातून वाचलात तरी वर्धा आणि गडचिरोली हे दोन्ही दारूबंदीचे जिल्हे. मडगावहून निघालेली तुमची गाडी धामणगाव सोडून पुलगावला थांबते तेव्हा ती वर्धा जिल्ह्यात असते, उतरायचं तिकीट नागपूरचं असलं तरी.